संगणकाच्या पावतीवर काय लिहिले आहे?



बियाणे घेताना पिशवीचे सील, प्रमाणित बियाण्याचे निळे लेबल आणि दुकानदाराची पावती पाहून घ्या, हे मी गेली पंचवीस-तीस वर्षे गावोगाव सांगत आलो. आज तेच संगणकाबाबत सांगावयाचे आहे. कृषी अधिकाऱ्याने हे कशाला सांगावे, असे कुणी म्हणेल. पण पीक विम्याचा अर्ज, सातबारा, मुलांचा अभ्यास, दूध संस्थेचा हिशोब, सारे आता याच यंत्रावर येऊन बसले आहे.

माझ्या कार्यक्षेत्रातील एका गावच्या दूध संस्थेने लॅपटॉप घेतला. यंत्र चालते करणारी मूळ प्रणाली, म्हणजे विंडोज, कारखान्यातूनच भरून आलेली होती. तिचे पैसे किमतीतच धरलेले. दोन वर्षांनी यंत्र मंद चालू लागले, तेव्हा सचिवांनी ते तालुक्याला दुरुस्तीस दिले. दुरुस्ती करणाऱ्याने आतले सगळे पुसून नवीन विंडोज 'टाकून' दिली आणि पाचशे रुपये घेतले. "साहेब, आधी होम होती, आता प्रो आहे," असे सचिव मला कौतुकाने म्हणाले. मीही मान डोलावली. मला तरी तेव्हा काय कळत होते!

ती प्रो म्हणजे कुलूप तोडलेली नक्कल होती. अशी नक्कल चालावी म्हणून टाकणारा पुष्कळदा यंत्रातील विषाणूरोधक आधी बंद करतो, कारण कुलूप तोडणारा प्रोग्रॅम ते पकडते. सात-आठ महिन्यांनी एका सकाळी हिशोबाच्या फायली उघडेनात आणि पडद्यावर पैशांची मागणी आली. चोर कोणत्या दाराने आला हे कोण सांगणार? पण कडी काढून ठेवलेली होती, एवढे खरे.

दुधाचे बिल वाटायला दोनच दिवस उरले होते. सचिव, त्यांची पत्नी आणि कॉलेजात जाणारी दोन मुले रात्री जागून सभासदांच्या दूध-कार्डांवरून लिटर आणि फॅट उतरवून घेत बसली. एका म्हातारीचे कार्ड पावसात भिजून अक्षरे पुसली होती. तिचा आकडा शेवटी अंदाजाने धरला. "माझं बरोबर धरलं का रे?" असे ती अजून विचारते.

मनाला लागते ते पुढेच. त्या संस्थेला नक्कल घेण्याची गरजच नव्हती! साधारण २०१२ साली विंडोज ८ आली, तेव्हापासून कारखान्यातून भरून येणाऱ्या विंडोजची किल्ली यंत्राच्या मुख्य पाटीतच साठवलेली असते. सगळे पुसले तरी ती राहते. होम होती तर पुन्हा होमच टाकावी आणि इंटरनेट जोडावे. प्रणाली आपली किल्ली ओळखून घेते, वेगळा पैसा लागत नाही. पुढे गावातल्याच एका मुलाने एका दुपारी तसे करून दिले. फायली मात्र परत आल्या नाहीत.

तेव्हा दुरुस्तीला देताना "जी होती तीच टाका" असे बजावून सांगा.

नवीन संगणक घेताना कारखान्यातून भरून आलेली विंडोज घरच्या वापराला पुरेशी आहे. तिचा हक्क त्या यंत्रापुरता असतो. यंत्र भंगारात गेले की तोही गेला. किरकोळ विक्रीची स्वतंत्र प्रत महाग पडते, पण जुन्यावरून काढून नव्या यंत्रावर नेता येते. दुकानदार सुटे भाग जोडून संगणक देत असेल आणि "सगळे टाकून देतो" म्हणत असेल, तर एकच विचारा: पावतीवर लिहून देणार का? लिहून देत नसेल तर समजा, सुटे बियाणे आहे. चार-पाचशे रुपयांत मिळणाऱ्या किल्ल्यांचेही तसेच. आज चालतात, उद्या कंपनी रद्द करते.

हाती असलेल्या यंत्राची परीक्षा घरी करता येते. सेटिंग्ज, त्यात सिस्टिम, त्यात ऍक्टिव्हेशन उघडा. घरच्या संगणकावर तिथे 'तुमच्या संस्थेच्या सेवेद्वारे सक्रिय' अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली, तर संशय घ्यावा. ती सोय मोठ्या कचेऱ्यांसाठी असते. आणि कायदाही ध्यानात असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब प्रमाणे, नक्कल आहे हे ठाऊक असून ती वापरणाराही गुन्हेगार ठरतो.

पैसे नसतील तर? लिनक्स आहे, १९९१ पासून. तिच्यावरची उबुंटू किंवा आपल्या सी-डॅकची बॉस ही प्रणाली फुकट आणि राजरोस मिळते. पत्रे, हिशोबाचे तक्ते, मराठी टंकलेखन सारे होते. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ न पेलणाऱ्या जुन्या यंत्रांना ही वाट सोयीची आहे. मात्र संस्थेचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारे असेल, तर विंडोज रीतसर विकतच घ्यावी लागेल.

आमचे ते सचिव आता दर बिलानंतर हिशोबाची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तिजोरीत ठेवतात. सभासदांना दूध-कार्डही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देतात.