दुर्गम बेटावरचा किरणोत्सर्ग कसा मोजतात? नेवाशाच्या माती परीक्षणावरून समजून घ्या

नेवासा तालुक्यात ऊस लावण्याआधी माती तपासून घेणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. बांधाजवळची, झाडाखालची किंवा शेणखताच्या ढिगाजवळची माती घ्यायची नाही. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती गोळा करायची, ती एकत्र करून ढिगाचे चार भाग करायचे आणि समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करायचं. नमुनाच चुकला, तर प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी अहवाल चुकतो.

पॅसिफिक महासागरातल्या अणुचाचण्या झालेल्या बेटांनाही हाच नियम लागू होतो. फक्त तिथे नमुना चुकला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येत नाही.

बिकिनीवर काय घडलं?

मार्शल बेटांपैकी बिकिनीवर अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात २३ अणुचाचण्या केल्या. त्यासाठी १६७ रहिवाशांना आधीच हलवण्यात आलं. १९६८ मध्ये त्यांना परतता येईल, असं जाहीर झालं आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काही कुटुंबं परतली. पण त्यांच्या शरीरातलं सीझियम-१३७ वाढत गेलं. १९७८ मध्ये शंभराहून अधिक लोकांना पुन्हा बेट सोडावं लागलं.

कारण जेवणात होतं. प्रवाळाच्या वाळूत चिकणमाती जवळजवळ नसते, पोटॅशियमही फार कमी असतं. सीझियमचे रासायनिक गुण पोटॅशियमसारखेच असल्यामुळे नारळाची आणि केवड्याच्या कुळातल्या पांडानसची झाडं ते मुळांवाटे ओढून घेतात. नेवाशाच्या काळ्या जमिनीत पोटॅश तुलनेने भरपूर असतं आणि चिकणमाती सीझियम धरून ठेवते. म्हणजे मातीत सीझियम तेवढंच असलं, तरी बेटावरच्या नारळात ते कितीतरी जास्त उतरतं. त्यात परतलेल्या लोकांनी स्थानिक अन्न आधीच्या अंदाजापेक्षा जास्त खाल्लं.

मग नियोजन कुठून सुरू होतं?

‘लोक काय खातात, किती खातात, पाणी कुठून आणतात?’ या प्रश्नापासून. त्यानंतर हातात धरायच्या मोजणी यंत्राने बेट चालून पाहतात. हे काम स्वस्त असतं आणि जास्त-कमी किरणोत्सर्गाच्या जागा त्यातून कळतात. नमुन्यांच्या जागा त्यानंतरच ठरतात.

खर्च कशावर होतो?

सर्वात मोठा खर्च जाण्या-येण्याचा. बिकिनी ही मार्शल बेटांच्या राजधानीपासून, म्हणजे माजुरोपासून, सुमारे ८०० किलोमीटरवर आहे. जहाजाचं भाडं दिवसावर असतं. हवामान बिघडलं तर ते दिवस वाया जातात, म्हणून राखीव दिवस आधीच धरावे लागतात. माती परदेशी न्यायची तर परवानग्याही लागतात.

दुसरा खर्च मोजणीच्या वेळेचा. एक उदाहरण घेऊ. समजा ५ बेटं, प्रत्येकावर ४ जागा आणि प्रत्येक जागी ३ खोलींवरची माती, म्हणजे ६० नमुने. त्याच २० जागांवरचे नारळ धरले की ८०. पडताळणीसाठी दुहेरी आणि कोरे नमुने मिळून आणखी ८. एका डिटेक्टरवर प्रत्येक नमुन्याला एक दिवस लागला, तर जवळजवळ तीन महिने जातात. मोजणीतली अनिश्चितता निम्मी करायची तर वेळ चौपट, म्हणजे जवळपास वर्ष! म्हणून किती बारीक मोजायचं, हे निघण्याआधीच ठरवावं लागतं. स्ट्रॉन्शियम-९० तपासायचं असेल तर रासायनिक प्रक्रियेचे आठवडे वेगळे.

बचतीच्या जागाही आहेत. खोबरं बेटावरच वाळवलं की वजन घटतं आणि वाहतूक स्वस्त होते. दुहेरी नमुने मात्र कमी करू नयेत. ते नसतील तर आकड्यांवर भरवसा कसा ठेवायचा?

आपल्याकडे कसं चालतं?

तारापूर अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९ मध्ये सुरू झाले. देशातल्या अशा केंद्रांजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असतात. हवा, पाणी, दूध, भाजीपाला, मासे यांचे नमुने त्या नियमित तपासतात. केंद्रामुळे सामान्य नागरिकाला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. इथे प्रयोगशाळा जवळच असल्यामुळे शंका आली तर नमुना पुन्हा घेता येतो. बेटावर ती सोय नाही.

मोजणीचा फायदा काय झाला?

सीझियम-१३७ चं अर्धायुष्य सुमारे ३० वर्षं. १९५४ मध्ये पडलेल्या सीझियमपैकी ७० वर्षांनंतरही सुमारे पाचवा हिस्सा उरतो. पण वर्षानुवर्षं नारळ तपासताना एक उपाय सापडला. पोटॅशियमयुक्त खत दिलं की झाड सीझियम कमी घेतं. बिकिनीवरच्या प्रयोगांत नारळातलं सीझियम दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याखाली आलं. ऊस उत्पादक ज्याला ‘पोटॅश’ म्हणतात, तेच हे खत.

म्हणून ‘अमुक जागा सुरक्षित’ किंवा ‘अमुक पाणी किरणोत्सारी’ अशी पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा: नमुना कशाचा घेतला? किती ठिकाणांहून घेतला? आणि लोक तेच खातात-पितात का?