भाकरीचा प्रवास

भाकरी आणि झणझणीत आमटी आपण रोज आवडीने खातो. पण गिळलेल्या घासाचे पुढे काय होते, याची चौकशी कोण करतो? आज त्या घासाबरोबर थोडे चालून पाहू.

शिक्षकबंधूंनी वर्गात एक प्रयोग करावा. मुलांना कोरड्या भाकरीचा तुकडा द्यावा आणि तो न गिळता दोन मिनिटे चावायला सांगावे. तुकडा हळूहळू गोड लागू लागतो, कारण लाळेमुळे त्यातील पिष्टाची साखर होऊ लागते. म्हणजे पचनाचा आरंभ पोटात नव्हे, तोंडातच होतो. चार घास गपागप गिळून रानात पळणारा माणूस दातांचे काम पोटावर टाकतो. आणि पोटाला काही दात नसतात!

पुढे घास जठरात उतरतो व तेथल्या आम्लात घुसळला जातो. हे आम्ल वर आले की छातीत जळजळते. जठरात व्रण झाला, की आपण सारा दोष मिरचीला देतो. ठेच्याने जळजळ वाढते हे खरे. परंतु ऑस्ट्रेलियातील मार्शल आणि वॉरन या डॉक्टरांनी १९८२ साली जठरातील एक जंतू शोधला. बहुतेक व्रण या जंतूमुळे, नाहीतर दुखण्यावरच्या गोळ्या वारंवार घेतल्यामुळे होतात. तेव्हा नुसता सोडा पिऊन दिवस काढू नका. शौचाला डांबरासारखे काळे झाले, तर तडक दवाखाना गाठा.

जठरानंतर सुमारे वीस फूट लांबीचे लहान आतडे. अन्नातले सत्त्व येथे रक्तात जाते. पुढचे मोठे आतडे उरलेले पाणी शोषते. पालेभाजी, कडधान्ये आणि पाणी कमी पडले की मलावरोध झालाच म्हणून समजा.

आता मुख्य गोष्ट. आमच्या मुरगूडला पावसाळ्यात वेदगंगेचे पाणी गढूळ होते, तसे पुष्कळ गावी होते. दूषित पाण्याने पोराला जुलाब लागतात आणि घरातले जाणते म्हणतात, "पाणी देऊ नका, आणखी लागेल." बायाबापड्यांनो, येथेच घात होतो! मूल दगावते ते अंगातले पाणी आटल्याने.

१९७१ साली बंगालच्या सीमेवर बनगाव येथे निर्वासितांत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडानेच पाजले आणि हजारो जीव वाचले. युक्ती साधी आहे. नुसते मीठ आतड्यात नीट शोषले जात नाही. साखर सोबत असली की दोन्ही आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी.

सरकारी दवाखान्यात याची पुडी मिळते. नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. मीठ जास्त नको, त्याने अपाय होतो. घोट घोट पाजा. अंगावरचे दूध तोडू नका. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले, तर वाट पाहू नका. पाणी पाजत पाजतच डॉक्टरांकडे न्या.

हे प्रमाण शाळेच्या फळ्यावर लिहा, मुलांकडून पाठ करून घ्या. पोरे घरी जाऊन आजीला सांगतील, आणि आजी नातवाचे ऐकतेच की!