एका हंगामाची साखर आणि आठशे कोटींचं रक्त

नेवासा तालुक्यात सहकारी साखर कारखाने दोन, सोनईचा मुळा आणि भेंड्याचा ज्ञानेश्वर. गाळप किती, उतारा किती, पहिली उचल किती, हे आकडे इथे टपरीवरच्या माणसालाही तोंडपाठ. तेव्हा आजचा हिशेब टनांतूनच मांडू.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटी शुगर शंभर आली, म्हणजे दर शंभर मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅम, की अख्ख्या रक्तात मिळून साखर भरते ५ ग्रॅम. चहाचा एक चमचा! जगात माणसं आहेत आठशे कोटींच्या वर. तान्ह्या पोरांनाही पाच लिटर रक्त आहे असं उदारपणे धरलं, तरी साऱ्या मानवजातीच्या रक्तात या घडीला फिरणारी साखर होते ४० हजार टन. आता दिवसाला ५,००० टन ऊस गाळणारा एक कारखाना घ्या. दहा टक्के उतारा धरला तर रोजची साखर ५०० टन, आणि ४० हजार टनांना लागतात ८० दिवस. दिवाळीनंतर बॉयलर पेटला की संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांत एकट्या कारखान्याच्या गोदामात जगातल्या सगळ्या माणसांच्या रक्ताची साखर पोत्यांत भरून तयार. (रक्तातली ती ग्लुकोज आणि पोत्यातली सुक्रोज, हा फरक मला ठाऊक आहे. इथे फक्त वजन तोलतो आहोत.)

उपाशीपोटी १२६ च्या पुढे आकडा गेला की डॉक्टर मधुमेह म्हणतात. म्हणजे ५ ग्रॅमच्या जागी ६.३ ग्रॅम. निरोगी आणि रोगी यांच्यातलं अंतर सव्वा-दीड ग्रॅमचं, चमच्याच्या पाव भागाचं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्या उंबरठ्यावर. यातल्या प्रत्येक मधुमेह्याची शुगर २०० धरली, तर देशभरच्या साऱ्यांच्या रक्तातली जास्तीची साखर किती? ५०५ टन. आपल्या कारखान्याचं एका दिवसाचं काम.

लहान बाजूने पाहिलं तर डोकं आणखी गरगरतं. शुगर तपासायच्या पट्टीला रक्त लागतं फार तर एक मायक्रोलिटर, मिलिलिटरचा हजारावा हिस्सा. तेवढ्यात ग्लुकोजचे रेणू असतात सुमारे तेहतीस कोटी गुणिले एक कोटी. मोहिनीराजाच्या नेवाशात तेहतीस कोटी ऐकून कोणी दचकणार नाही, पण ते एक कोटी वेळा? आणि या गर्दीला आवर घालणारं इन्सुलिन उपाशीपोटी साऱ्या रक्तात मिळून ग्रॅमचा दहा लाखावा भाग, फार तर दोन भाग. त्याच्या एका रेणूमागे ग्लुकोजचे सात-आठ कोटी रेणू. ते तयार करणाऱ्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशी एकत्र करून तोलल्या, तर भरतात जेमतेम एक ग्रॅम.

इतकी वर्षं आपण या चमचाभर साखरेकडेच बघत बसलो. तिची खरी किंमत बघा: ५ ग्रॅम म्हणजे २० कॅलरी, स्वस्थ बसलेल्या माणसाला पंधरा मिनिटं पुरतील एवढ्या. यकृत आणि स्नायूंतला ग्लायकोजनचा साठा फार तर दिवसभराचा. उलट सत्तर किलोच्या माणसाच्या अंगावर चौदा किलो चरबी असेल, तर ती सव्वा लाख कॅलरींची शिदोरी, दोन महिने पुरेल अशी. पंधरा मिनिटं एकीकडे, दोन महिने दुसरीकडे. शरीराचं मोठं भांडवल चरबीत आहे आणि मधुमेहाचा घोटाळाही बहुतेकदा तिथूनच सुरू होतो. चरबीच्या पेशी भरून वाहू लागल्या की जास्तीची चरबी यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात जाऊन बसते. तिथे ती इन्सुलिनचं चालू देत नाही. साखर मग वाढते. ती नंतरची गोष्ट.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर हाच प्रश्न लावून धरला. ते पेशाने डॉक्टर, पण त्यांचं काम चरबी, इन्सुलिन आणि जीवनसत्त्वं यांच्या रसायनशास्त्रातलं. आपल्याकडचा मधुमेही पाश्चात्त्यांच्या मानाने तरुण असतो आणि वजनाच्या तक्त्यावर सडपातळ ठरतो, मग त्याला हा रोग का? २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी लंडनचे जॉन युडकिन यांच्याबरोबर एक पानभर मजकूर छापला, त्यात दोघांचा फोटो. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचंही २२.३. यंत्राने चरबी मोजली तेव्हा युडकिन निघाले ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन पळणारे. याज्ञिकांनी स्वतःच्या व्यायामाबद्दल लिहिलं ते असं की रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत गाठणं. शास्त्राच्या नियतकालिकात स्वतःच्या पोटाची थट्टा करणारा संशोधक मला तरी विरळाच भेटला.

त्याआधी, १९९३ पासून, त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला होता. या बाया शेतात राबणाऱ्या, सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. त्यांच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आठशे ग्रॅमची तूट. ती पडली कुठे? स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत. चरबी मात्र बाळाने जवळजवळ राखून ठेवलेली. हाडाचं किरकोळ, पण चरबीने भरलेलं असं हे बाळ जन्मतःच मधुमेहाच्या वाटेवर अर्धं पाऊल टाकून येतं. आपण म्हणतो, अमक्याला पन्नाशीत शुगर निघाली. याज्ञिकांच्या हिशेबाने तिची पेरणी पन्नास वर्षं नऊ महिन्यांपूर्वीची असते.

त्याही मागे जाता येतं. पोटातली मुलगी पाच महिन्यांची होते तेव्हा तिच्या बीजकोशांत साठ-सत्तर लाख स्त्रीबीजं असतात; जन्माच्या वेळी दहा-वीस लाख उरतात आणि नवी पुढे बनत नाहीत असंच शास्त्र मानत आलं आहे. आता १९७२ आठवा. पावसाने दगा दिला आणि पुढच्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. नगर जिल्ह्याने तो दुष्काळ चांगलाच सोसला. खडी फोडणारी, सुकडीवर दिवस काढणारी एखादी गरोदर बाई डोळ्यांपुढे आणा. तिच्या पोटात मुलगी, आणि त्या मुलीच्या पोटात पुढल्या पिढीचं बीज. एका उपाशी देहात तीन पिढ्या. ते बीज ज्याचं झालं तो नातू आज तिशीत असेल, आणि त्याच्या दारात आता धरणाचं पाणी, ऊस आणि दिवसाला चार चहा. दुष्काळाने अमुक इतके मधुमेही केले असं बोट ठेवून म्हणता येणार नाही. पण हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या उपासमारीत गर्भात असलेल्यांची साखर पन्नाशीत बिघडलेली सापडली, हे नोंदलेलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी देहापुढे अचानक भरलेलं ताट येतं तेव्हा तो चरबी साठवणार, दुसरं काय करणार?

चरबीचाही एक आकडा सांगतो, तो दिलासा देणारा. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी स्वादुपिंडातली चरबी मोजली. वजन उतरवलेल्या मधुमेह्यांची साखर पूर्ववत झाली तेव्हा त्यांच्या स्वादुपिंडातून गेलेली चरबी होती सुमारे ०.६ ग्रॅम. अर्ध्या ग्रॅमचा अडथळा! तो हटवायला मात्र अंगावरचे दहा-पंधरा किलो उतरवावे लागतात. २०१७ च्या त्यांच्या मोठ्या चाचणीत ज्यांनी १५ किलो किंवा जास्त घटवले, त्यांच्यातल्या ८६ टक्क्यांचा मधुमेह वर्षभराने माघारी गेलेला होता. ही माणसं निदान होऊन सहा वर्षांच्या आतली आणि इन्सुलिनवर नसलेली, हे विसरू नका. गावठी उपासतापासाने गोळ्या सोडायचा सल्ला यातून कोणी काढू नये.

पोटावरची चरबी मोजायला यंत्र लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या आत हवी.

आता पुन्हा याज्ञिकांच्या खेड्यांकडे. त्या सहा खेड्यांतल्या दोनतृतीयांश गरोदर बायांत बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांच्या अंगी सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट लागू पडत नव्हतं. म्हणून २०१२ पासून याज्ञिकांच्या चमूने तिथल्याच वयात आलेल्या मुलामुलींना, म्हणजे उद्याच्या आईबापांना, बी-१२ द्यायची चाचणी घेतली. मात्रा रोज २ मायक्रोग्रॅम. एका ग्रॅममध्ये असे पाच लाख दिवस निघतात, तेराशेहून जास्त वर्षं.

पेलाभर दुधात बी-१२ साधारण एक मायक्रोग्रॅम असतं. दूध पिकवणारा हा तालुका. सकाळी डेअरीला दूध घालायला निघाल, तेव्हा आधी घरातल्या मुलीचे दोन पेले काढून ठेवा.