धुराचा जमाखर्च

घरांतील स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर संपला म्हणजे दुसरा मागविला जातो आणि त्याची किंमत घरखर्चाच्या वहींत मांडली जाते. परंतु त्या सिलिंडरांतील १४.२ किलो गॅस गेला कोठें, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. तो नाहींसा झालेला नसतो. जळतांना त्यांतील कार्बन हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावतो आणि सुमारे ४२ किलो कर्बवायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, खिडकीवाटे बाहेर पडतो. इंधनापेक्षां त्याचा धूर जड, हें प्रथम ऐकणारास चमत्कारिक वाटतें. पण त्याचें कारण साधें आहे. कार्बनचे १२ भाग जळतांना प्राणवायूचे ३२ भाग आपल्याबरोबर घेतात आणि ४४ भाग कर्बवायु तयार होतो. वजनांतील ही भर हवेंतून आलेली असते.

जी गोष्ट घरच्या शेगडीची, तीच कारखान्याच्या बॉयलरची. अंतर केवळ आकाराचें. रत्नागिरी जिल्ह्यांत, मुंबई-गोवा महामार्गावर, चिपळूणहून परशुराम घाट चढून खेडकडे निघालें म्हणजे लोटे-परशुराम ही औद्योगिक वसाहत लागते. घरडा, रॅलीस, एक्सेल अशा मोठ्या कंपन्यांचे कारखाने येथें आहेत आणि त्यांच्या शेजारीं अनेक लहान व मध्यम कारखाने आहेत. कीटकनाशकें, तसेंच इतर कारखान्यांस कच्चा माल म्हणून लागणारीं रसायनें येथें तयार होतात. रसायन तयार करावयाचें म्हणजे पदार्थ तापवावे लागतात, थंड करावे लागतात, ढवळावे, गाळावे आणि सुकवावे लागतात. यांतील प्रत्येक क्रियेस उष्णता किंवा वीज हवी, आणि त्या दोहोंच्या मागें बहुधा कोठेंतरी इंधन जळत असतें.

या वसाहतीच्या सांडपाण्याचा प्रश्न सर्वांस ठाऊक आहे. दाभोळ खाडीच्या कांठच्या मच्छिमारांनीं त्याबद्दल अनेक वर्षें तक्रारी केल्या आहेत. सांडपाण्यास रंग असतो, वास असतो. मासा मेला तर तो डोळ्यांना दिसतो. कर्बवायूचें तसें नाहीं. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो ज्या गांवीं निघाला त्या गांवींच राहतो असेंहि नाहीं. तो सर्व पृथ्वीच्या हवेंत मिसळतो व त्याचा बराच भाग शेंकडों वर्षें तेथें टिकतो. म्हणून त्याबद्दल कोणी खाडीवरून तक्रार घेऊन येणार नाहीं. तो मोजल्यावांचून कळतच नाहीं.

कळून उपयोग काय, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत येईल. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीच्या पुरानें चिपळूण शहर बुडालें; त्याच पावसांत खेड तालुक्यांतील पोसरे येथें दरड कोसळून माणसें गाडलीं गेलीं. एखाद्या विशिष्ट पुराचें खापर एका कारखान्याच्या, किंवा एका देशाच्याहि, माथीं फोडणें शास्त्रास धरून होणार नाहीं. परंतु हवा एका अंशानें तापली म्हणजे तिची बाष्प धरण्याची शक्ति शेंकडा सुमारे ७ नीं वाढते, आणि अधिक बाष्प म्हणजे जेव्हां पाऊस कोसळतो तेव्हां तो अधिक जोरानें कोसळण्याचा संभव, हें पदार्थविज्ञान निश्चित आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशीं राहणाऱ्या लोकांना यापेक्षां निराळें कारण नको.

मोजण्याचें काम दिसतें तितकें अवघड नाहीं. चिमणीवर यंत्र बसविल्यावांचून तें व्हावयाचें नाहीं, ही समजूत चुकीची आहे. कोळसा किती टन आला याची पावती कारखान्यांत असते. विजेचें बिल दरमहा येतें. डिझेलची नोंद असते. शीतयंत्रांत किती वायु भरला हें दुरुस्ती करणाराच्या बिलावर लिहिलेलें असतें. या कागदांवरील प्रत्येक आंकड्यास ठरलेल्या गुणकानें गुणिलें म्हणजे उत्सर्जनाचा आंकडा मिळतो. सारांश, हें काम प्रयोगशाळेचें कमी आणि हिशेबनिसाचें अधिक आहे.

हा हिशेब मांडण्याची जगभर रूढ झालेली रीति ‘ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल’ या नांवानें ओळखली जाते. तिची पहिली आवृत्ति २००१ सालीं निघाली. तिच्यांत तीन खातीं आहेत. पहिल्या खात्यांत कारखान्याच्या आवारांत प्रत्यक्ष जें जळतें, गळतें किंवा रासायनिक क्रियेंतून निघतें तें येतें. दुसऱ्यांत विकत घेतलेली वीज किंवा वाफ येते. ती वापरतांना कारखान्यांत धूर निघत नाहीं, पण वीजकेंद्रांत निघतो. तिसऱ्या खात्यांत बाकीचें सर्व: कच्चा माल तयार होतांना झालेलें उत्सर्जन, मालाची ने-आण, कामगारांचा प्रवास, आणि विकलेल्या मालाची पुढची गति.

एक कल्पित कारखाना घेऊं म्हणजे रीति स्पष्ट होईल. समजा, त्यानें वर्षांत चांगल्या प्रतीचा ५,००० टन दगडी कोळसा जाळला. अशा एका टनापासून सुमारे २.४ टन कर्बवायु निघतो. म्हणजे १२,००० टन झाले. वीज ६० लाख युनिट घेतली. केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशांतील वीजजाळ्याचा सरासरी गुणक प्रसिद्ध करतें. तो अलीकडे युनिटमागें सुमारे ०.७ किलो आहे. त्या हिशेबानें ४,२०० टन. डिझेल ५०,००० लिटर लागलें. लिटरमागें सुमारे २.७ किलो धरतां १३५ टन. आणि शीतयंत्रांतून आर-१३४ए नांवाचा वायु १०० किलो गळला. हा वायु उष्णता धरून ठेवण्यांत कर्बवायूच्या सुमारे १,३०० पट प्रबळ आहे. म्हणून या १०० किलोंचा भार १३० टन कर्बवायूइतका. दोन सिलिंडरांत सहज मावेल एवढा वायु, आणि परिणाम त्या ५०,००० लिटर डिझेलच्या जवळजवळ बरोबरीचा!

बेरीज १६,४६५ टन होते. त्यांत कोळसा शेंकडा सुमारे ७३, वीज सुमारे २५, आणि बाकी सर्व मिळून दोनांहून कमी. हा कागद हातांत आला कीं पुष्कळ वाद आपोआप मिटतात. ज्या कारखान्यानें साहेबांची मोटार विजेवर चालविली आणि त्याचीं छायाचित्रें छापलीं, त्यानें हिशेबाच्या शेवटच्या ओळीस हात घातला. बॉयलर मात्र होता तसाच राहिला. मोजण्याचा पहिला लाभ हाच कीं मोठें काय आणि लहान काय हें कळतें.

विजेच्या बाबतींत लोटे येथें एक विशेष गोष्ट ध्यानांत येते. शेजारच्या चिपळूण तालुक्यांत पोफळी येथें कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून उतरून वीज निर्माण करतें आणि मग वाशिष्ठींत मिसळतें. १९६२ पासून येथें वीज होत असून कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट आहे. पाण्याच्या विजेंत कोळसा जळत नाहीं. मग उंबरठ्याशीं पाण्याची वीज असतां लोट्याच्या कारखान्यानें युनिटमागें ०.७ किलो कां मोजावे? उत्तर असें कीं, सर्व केंद्रांची वीज एकाच जाळ्यांत पडते आणि त्या जाळ्यांतून सर्व जण घेतात. कोयनेचा एखादा युनिट लोट्यास गेला असें कोणासहि दाखवितां येत नाहीं. नदीच्या कांठीं घर असलें म्हणून नदी आपल्या मालकीची होत नाहीं, तसेंच हें आहे. सौर किंवा पवनविजेचा प्रत्यक्ष करार केला असेल तर तो हिशेबांत निराळा दाखवितां येतो. तथापि त्याबरोबर जाळ्याच्या सरासरीचा आंकडाहि देणें प्रामाणिकपणाचें होय.

मापन झाल्यावर तुलना करावयाची ती कोणत्या वर्षाशीं, हा नाजूक प्रश्न आहे. २०२०-२१ या वर्षीं साथीमुळें पुष्कळ कारखाने कांहीं काळ बंद होते. तें वर्ष आधारास घेतलें तर पुढील प्रत्येक वर्ष वाईट दिसेल. आणि मुद्दाम भरमसाट उत्पादनाचें वर्ष निवडलें तर कांहीं न करतां सुधारणा दिसेल. आधारवर्ष सर्वसाधारण असावें आणि एकदां ठरल्यावर कारण दिल्यावांचून बदलूं नये. तसेंच, एकूण उत्सर्जन आणि मालाच्या दर टनामागील उत्सर्जन असे दोन्ही आंकडे द्यावेत. उत्पादन निम्मे झाल्यानें धूर निम्मा झाला तर ती काटकसर नव्हे, मंदी होय. आणि दर टनाचा आंकडा उतरूनहि उत्पादन दुप्पट झालें तर हवेवरील भार वाढलेलाच असतो.

आतां कमी करण्याविषयीं. वर मांडलेल्या हिशेबांत वाफ सर्वांत मोठी, म्हणून आरंभ तेथूनच झाला पाहिजे. वाफ काम करून गार झाली म्हणजे तिचें गरम पाणी होतें. तें गटारांत सोडण्याऐवजीं बॉयलरकडे परत नेलें, तर बॉयलरच्या पाण्याचें तपमान दर सहा अंशांनीं वाढल्यास इंधनांत शेंकडा एक या प्रमाणांत बचत होते. वाफ अडवून केवळ पाणी बाहेर जाऊं देणाऱ्या झडपांस स्टीम ट्रॅप म्हणतात. ते बिघडले तर चांगली वाफ रात्रंदिवस वायां जाते, आणि तपासणी केल्यावांचून तें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. वाफेच्या उघड्या नळ्यांवर उष्णतारोधक वेष्टण घालणें, बॉयलरला हवा जेवढ्यास तेवढी देणें, चिमणीवाटे जाणाऱ्या उष्णतेनें पाणी तापविणें, हे सर्व उपाय जुने व खात्रीचे आहेत. पंख्यांच्या व पंपांच्या बाबतींत तर एक सुंदर नियम आहे: पंख्याची गति शेंकडा २० नीं कमी केली तर त्याला लागणारी वीज जवळजवळ निम्म्यावर येते. झडप अर्धी मिटून मोटार पूर्ण वेगानें फिरविणें म्हणजे एका पायानें गति देऊन दुसऱ्यानें ब्रेक दाबण्यासारखें आहे.

यानंतर इंधन बदलण्याचा विचार येतो. कोळशाऐवजीं भाताचा तूस, उसाचें चिपाड, काजूचीं टरफलें किंवा त्यांपासून दाबून केलेल्या ब्रिकेटी जाळतां येतात. त्यांतूनहि कर्बवायु निघतो; परंतु तो वनस्पतीनें अलीकडेच हवेंतून घेतलेला असल्यामुळें हिशेबांत निराळा दाखविण्याचा प्रघात आहे. येथेंच कोंकणानें सावध राहिलें पाहिजे. शेतांतील टाकाऊ माल जाळला तर हा हिशेब बरोबर ठरतो. पण ब्रिकेटीच्या नांवाखालीं डोंगरउतारावरील उभी झाडी तोडून बॉयलरांत गेली, तर कागदावर उत्सर्जन घटतें आणि डोंगर बोडका होतो. जें झाड पुन्हां वाढण्यास कित्येक वर्षें लागतील, त्याचा धूर आजच शून्य धरणें ही वहींतील लबाडी होय. आणि उघड्या पडलेल्या उतारावरून माती सुटते तेव्हां ती वही कोणी पाहत नाहीं. म्हणून इंधन कोठून आलें याचा दाखला पावतीबरोबर ठेवला गेला पाहिजे.

हा सर्व खटाटोप करावयास कोणी सांगितलें आहे? सेबी या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या, रोखेबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळानें २०२१ सालीं नियम करून, बाजारमूल्यानें पहिल्या एक हजार कंपन्यांवर २०२२-२३ पासून अशी माहिती प्रसिद्ध करण्याचें बंधन घातलें. पहिलीं दोन खातीं त्यांत मुख्य माहितींत येतात. तिसरें ऐच्छिक ठेवलेलें आहे. लोटे येथील लहान कारखानदार म्हणेल कीं, हा नियम मोठ्यांना, मला नव्हे. परंतु त्याचा माल मोठ्या कंपन्या घेतात, आणि एकाचें पहिलें खातें तेंच दुसऱ्याच्या तिसऱ्या खात्याचा भाग असतें. मोठ्या गिऱ्हाइकाला आपलें तिसरें खातें भरावयाचें असेल तर तो लहान कारखानदाराकडेच आंकडे मागणार. त्या दिवशीं ज्याच्याजवळ तीन वर्षांच्या पावत्या नीट लावलेल्या असतील त्याची अडचण होणार नाहीं.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांचा या गोष्टीशीं संबंध नाहीं असें मात्र नव्हे. पुष्कळ घरांतून अशा कंपन्यांचे रोखे असतात आणि दरसाल त्यांचे अहवाल येतात. लाभांशाचें पान वाचून झाल्यावर उत्सर्जनाचें पानहि उघडून पाहावें. आधारवर्ष कोणतें, आंकडा एकूण आहे कीं दर टनाचा, आणि तिसरें खातें भरलें आहे कीं कोरें, हे तीन प्रश्न विचारण्यास रसायनशास्त्राची पदवी लागत नाहीं. घरखर्चाची वही ज्याला वाचतां येते त्याला हीहि वाचतां येते. आणि वाचणारा आहे हें ठाऊक असलें म्हणजे लिहिणाराहि हिशेब काळजीनें मांडतो.