रुग्णालयाच्या दारांतील पहिला प्रश्न

गेल्या माघांत कवठे येमाई येथील एक पालक कांद्याची पट्टी व रुग्णालयाचीं बिलें एकाच पिशवींत घालून आमच्याकडे अर्ज लिहवून घेण्यास आले. त्यांच्या वडील बंधूंच्या हृदयाच्या रक्तवाहिनींत अडथळा झाला होता. पुण्यास नेल्यावर उपचार होऊन ते बरे झाले. बिल मात्र रोखीनें चुकतें करावें लागलें. आपली शिधापत्रिका आहे, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेंत आपलें घर बसतें, तेव्हां खर्च परत मिळावा, असें त्यांचें म्हणणें. असा अर्ज लिहून उपयोग नाहीं, हें सांगतांना आम्हांस फार जड गेलें.

विम्याविषयींची आपली समजूत बहुधा गाडीच्या विम्यावरून बनलेली असते: आधीं नुकसान, मग बिल, मग भरपाई. ही योजना त्या जातीची नव्हे. 2 जुलै 2012 रोजीं ती राजीव गांधींच्या नांवानें आठ जिल्ह्यांत सुरू झाली, 2013 च्या नोव्हेंबरांत राज्यभर पसरली व 2017 सालीं तिला सध्यांचें नांव मिळालें. हप्ता कुटुंबास भरावा लागत नाहीं. 2024 पासून दर कुटुंबास वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. परंतु हा पैसा रुग्णाच्या हातीं येतच नाहीं. ज्या रुग्णालयांशीं करार झाला आहे त्यांसच तो थेट दिला जातो. त्यांस 'अंगीकृत रुग्णालयें' म्हणतात. आमचे पालक ज्या दारांत गेले तें त्या यादींत नव्हतें, आणि दारांत कोणी तें सांगितलेंहि नाहीं.

लग्नांत आचाऱ्यास सबंध पंगतीचें काम उक्तें द्यावें, त्याप्रमाणें येथें प्रत्येक उपचाराचा दर आधींच ठरलेला असतो. त्या एका रकमेंत खाट, शस्त्रक्रिया, तपासण्या, औषधें, रुग्णाचें जेवण, इतकेंच नव्हे तर घरीं परतण्याचें एस्. टी. चें भाडेंहि येतें. जेथें प्रत्येक तपासणीचे निराळे पैसे मिळतात तेथें तपासण्या वाढविण्याचा मोह होतो. उक्त्या कामांत उलट हात आंखडण्याचा, किंवा रुग्णाकडून वर कांहीं मागण्याचा. दोन्ही मोह मनुष्याचेच. यासाठींच शस्त्रक्रियेपूर्वीं सर्व अहवाल योजनेच्या डॉक्टरांकडे जाऊन मंजुरी यावी लागते. प्राण कंठाशीं आले असतां ती दूरध्वनीवरूनहि मिळते. वर पैसे मागितल्यास 155388 या क्रमांकावर तक्रार करतां येते.

अमेरिकेंत हेन्री कायझर या उद्योगपतीच्या कामगारांसाठीं निघालेली अशीच एक व्यवस्था 1945 सालीं सर्वांस खुली झाली. रांजणगांवच्या कारखान्यांत जाणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांस तिचा दुसरा प्रकार परिचित असेल. राज्य कामगार विम्यासाठीं 2019 पासून पगारांतून शेंकडा पाऊण रुपया कापला जातो, आणि आधीं नेमलेल्या दवाखान्यांत जावें लागतें. मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी तेथून मिळते.

साध्या ताप-खोकल्यास गांवचें प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. फुले योजना त्यासाठीं नाहीं. दाखल व्हावें लागेल असें दुखणें असल्यास मात्र पैसे भरण्यापूर्वीं विचारावें कीं हें रुग्णालय योजनेंत आहे काय, व हा उपचार यादींत आहे काय. अंगीकृत रुग्णालयांत याच कामासाठीं 'आरोग्यमित्र' बसलेला असतो.

आम्ही हें सांगत असतां त्या पालकांनीं कांद्याची पट्टी उलटी केली व कोऱ्या बाजूवर लिहून घेतलें: शिधापत्रिका, आधारपत्र, आरोग्यमित्र. मग पेन्सिल थांबवून त्यांनीं विचारलें, "गुरुजी, आपल्याला जवळचें असें यादींतलें रुग्णालय कोणतें?" तो क्रमांक आम्हीं तेथेंच लावला.