निरीक्षणगृहातील किशोरवयीन बालकांची वैद्यकीय देखभाल : कायदेशीर तरतुदी आणि प्रत्यक्ष अंमलबजावणीतील दुवे

प्रस्तावना :

स्वातंत्र्य हिरावले गेलेल्या व्यक्तीला आजारी पडल्यावर स्वतःहून दवाखान्यात जाता येत नाही, औषध विकत आणता येत नाही किंवा दुसऱ्या डॉक्टरांचा सल्लाही घेता येत नाही. तिच्या आरोग्याचे उत्तरदायित्व आपोआपच तिला ताब्यात ठेवणाऱ्या शासनाकडे जाते. ही व्यक्ती चौदा-सतरा वर्षांची असेल, तर हे उत्तरदायित्व अधिकच वाढते. आपल्याला नेमके काय होते आहे हे सांगण्याइतकी समज व धीटपणा प्रत्येक किशोरापाशी असतोच असे नाही. त्यातच पोलिसांच्या ताब्यातील भीती, कुटुंबाचा दुरावा आणि अपराधाचा शिक्का यांमुळे असे बालक बहुधा गप्प राहणेच पसंत करते.

विधिसंघर्षग्रस्त बालकांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती प्रामुख्याने गुन्ह्याचे स्वरूप, वयोमर्यादा व शिक्षा यांभोवती फिरते. त्यांच्या वैद्यकीय देखभालीचा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची मांडणी केली आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) निरीक्षणगृहातील बालकांच्या वैद्यकीय देखभालीसंबंधीच्या कायदेशीर तरतुदींचा परिचय करून देणे.
२) या तरतुदी असूनही उपचारात खंड कोठे व का पडतो, याचा शोध घेणे.
३) पालक, संस्था व बाल न्याय मंडळ यांच्या दृष्टीने काही उपाय सुचविणे.

ऐतिहासिक व कायदेशीर पार्श्वभूमी :

अपराधी ठरलेल्या मुलांना प्रौढ कैद्यांपासून वेगळे ठेवण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाने सुधारगृह सुरू झाले. १९२४ मध्ये मुंबई बाल अधिनियम आला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटीची स्थापना झाली. पुढे १९८६ व २००० चे केंद्रीय कायदे आले. सध्या लागू असलेला बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून अंमलात आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर संयुक्त राष्ट्रसंघाने १९८९ मध्ये बालहक्क संहिता स्वीकारली व भारताने १९९२ मध्ये तिला मान्यता दिली. स्वातंत्र्यापासून वंचित केलेल्या बालकांच्या संरक्षणासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने १९९० मध्ये जे नियम संमत केले, ते 'हवाना नियम' म्हणून ओळखले जातात. अशा बालकांना प्रतिबंधात्मक व उपचारात्मक वैद्यकीय सेवा मिळावी, त्यात दात, डोळे व मानसिक आरोग्य यांचाही समावेश असावा आणि ही सेवा शक्यतो समाजातील नेहमीच्या आरोग्य यंत्रणेमार्फत द्यावी, असे हे नियम सांगतात. औषधाचा वापर शिक्षा म्हणून किंवा मुलाला गप्प बसविण्यासाठी करू नये, हेही त्यांत स्पष्ट केले आहे.

२०१५ च्या अधिनियमातील कलम ५३ नुसार संस्थेतील बालकांना अन्न, वस्त्र, निवारा यांबरोबरच वैद्यकीय सेवा, मानसिक आरोग्यविषयक साहाय्य व व्यसनमुक्तीच्या सोयी मिळणे अपेक्षित आहे. २०१६ च्या आदर्श नियमांत याचा तपशील येतो. संस्थेत दाखल झाल्यापासून २४ तासांच्या आत वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी व्हावी, तातडीची गरज असल्यास ती लगेच व्हावी, प्रत्येक बालकाची वैद्यकीय नोंद ठेवावी, नियमित तपासणीत दात, डोळे व त्वचारोग यांकडेही पाहावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्र व शासकीय रुग्णालयांशी संस्थेने संपर्क ठेवावा, अशा या तरतुदी आहेत.

थोडक्यात, तरतुदींचा तुटवडा नाही. मग उपचारात खंड का पडतो ? प्रस्तुत लेखिकेच्या मते याचे मुख्य कारण असे की, बालक एका यंत्रणेकडून दुसऱ्या यंत्रणेकडे सोपविले जाते. परंतु त्याच्या आजाराची माहिती व औषध त्याच्याबरोबर जात नाही.

'मेडिकल' या एका शब्दामागील तीन तपासण्या :

पोलीस ठाण्यात व मंडळाच्या आवारात 'मुलाचे मेडिकल झाले' हे वाक्य नेहमी ऐकू येते. मात्र या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या तपासण्या दडलेल्या असतात.

पहिली तपासणी पोलीस करून घेतात. अंगावर जखमा आहेत काय, गुन्ह्याच्या तपासाला उपयुक्त असा पुरावा मिळतो काय, हे तीत पाहिले जाते. दुसरी तपासणी वयनिश्चितीची. अधिनियमाच्या कलम ९४ नुसार वय ठरविताना शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा जन्मतारखेचा दाखला आणि तो नसल्यास महानगरपालिका, नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला ग्राह्य धरावा लागतो. हे दोन्ही नसतील तरच हाडांच्या वाढीवरून वय ठरविण्याची चाचणी केली जाते व आदेशापासून १५ दिवसांत ती पूर्ण करावयाची असते. तिसरी तपासणी बालकाच्या स्वतःच्या आरोग्याची.

पहिल्या दोन तपासण्या न्यायप्रक्रियेच्या गरजेपोटी होतात. तिसरी मात्र केवळ बालकासाठी असते. पहिल्या तपासणीच्या कागदावर 'प्रकृती ठीक' असा शेरा असला, तरी त्यावरून मुलाला दमा आहे किंवा नाही, तो रोज कोणती गोळी घेतो, हे समजत नाही. म्हणून एका तपासणीचा कागद दुसरीच्या जागी ग्राह्य धरणे ही मूलभूत चूक ठरते.

पहिले अठ्ठेचाळीस तास :

अधिनियमाच्या कलम १० नुसार ताब्यात घेतलेल्या बालकास प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. त्याला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. यानंतर निरीक्षणगृहात दाखल झाल्यावर वैद्यकीय तपासणीसाठी आणखी २४ तासांची मुदत आहे. या दोन्ही मुदती काटेकोरपणे पाळल्या गेल्या, तरी बालकाच्या दोन रात्री डॉक्टरांच्या नजरेस न पडता जाऊ शकतात, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही.

बहुसंख्य मुलांच्या बाबतीत यामुळे अनर्थ ओढवत नाही. परंतु काही आजारांत हा काळ जीवावर बेतणारा ठरतो. टाइप १ मधुमेह असलेल्या किशोराला इन्सुलिन मिळाले नाही, तर एक-दोन दिवसांतच रक्तातील आम्लता धोकादायक पातळीला पोहोचू शकते. फेफऱ्याच्या (अपस्माराच्या) गोळ्या एकाएकी बंद झाल्यास न थांबणारे झटके येण्याचा धोका असतो. दम्याच्या रुग्णाजवळचा पंप इतर वस्तूंबरोबर काढून ठेवला गेला, तर अटॅकच्या वेळी तो हाताशी राहत नाही. विदर्भात व नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारात असह्य वेदना होतात. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. अशा वेळी 'हा ढोंग करतो आहे' असा समज करून घेणे सोपे असते. व्यसनी मुलाला अचानक पदार्थ मिळेनासा झाल्यावर थरथर, घाम, उलट्या, अस्वस्थता ही लक्षणे दिसू लागतात. ती बेशिस्त वर्तनाची नसून आजाराची लक्षणे होत.

यावरील उपाय खर्चिक नाही. ताब्यात घेताना बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याने आणि दाखल करताना निरीक्षणगृहातील कर्मचाऱ्याने काही ठराविक प्रश्न विचारून उत्तरे लिहून घेणे पुरेसे आहे. रोज कोणते औषध चालू आहे ? पूर्वी फिट, दमा, साखर, सिकलसेल, क्षयरोग यांपैकी काही झाले आहे काय ? कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे ? कोणता नशेचा पदार्थ घेतला व शेवटचा केव्हा ? आता दुखापत आहे काय ? जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो काय ? मुलीच्या बाबतीत पाळी व गरोदरपण यांविषयीचे प्रश्न स्त्री कर्मचाऱ्याने एकांतात विचारावेत. कलम १३ नुसार पालकांना कळविणे बंधनकारक आहेच. त्याच वेळी 'त्याची औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन या' असे सांगितले, तर अर्धे काम होते.

शालेय आरोग्य तपासणी व गळती :

येथे आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झाला. या कार्यक्रमाची पथके सहा वर्षांवरील मुलांची तपासणी शासकीय व अनुदानित शाळांत जाऊन करतात. साहजिकच ज्या मुलाने शाळा सोडली त्याच्यापर्यंत ही पथके पोहोचत नाहीत. अशा मुलाच्या बाबतीत निरीक्षणगृहातील तपासणी ही कित्येक वर्षांतील पहिलीच सविस्तर तपासणी असू शकते. अधू दृष्टी, किडलेले दात, फुटलेला कान, रक्तक्षय, खरूज यांसारखे विकार तेव्हाच उघडकीस येतात. म्हणून ही तपासणी उपचार म्हणून करस्वरूपी उरकण्याची बाब नाही.

मानसिक आरोग्य व औषधोपचार :

मानसिक विकारांसाठीचे औषध प्रशिक्षित तज्ज्ञाकडून मूल्यमापन व निदान झाल्याशिवाय देऊ नये, असे आदर्श नियमांत म्हटले आहे. दीर्घकाळ उपचारांची गरज असलेल्या बालकास योग्य त्या मान्यताप्राप्त ठिकाणी पाठविण्याचा अधिकार कलम ९२ ने मंडळाला दिला आहे. मानसिक आजार वा व्यसनाधीनता असलेल्या बालकासंबंधी कलम ९३ मध्ये तरतूद आहे. अज्ञान व्यक्तीला मानसोपचार रुग्णालयात दाखल करताना मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील अटी पाळाव्या लागतात. स्वतंत्रपणे केलेली तज्ज्ञांची तपासणी आणि प्रौढ रुग्णांपासून वेगळी व्यवस्था या त्यांपैकी महत्त्वाच्या अटी होत.

संमती व तातडीचा उपचार :

पालकांच्या पूर्वसंमतीशिवाय बालकावर शस्त्रक्रिया करू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. मात्र पालकांचा शोध लागत नसेल आणि विलंबामुळे बालकाला नाहक यातना वा इजा होईल असे वैद्यकीय अधिकाऱ्याचे मत असेल, तर त्यास अपवाद आहे. परमानंद कटारा विरुद्ध भारत सरकार (१९८९) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असून कायदेशीर सोपस्कारांसाठी उपचार थांबविता येणार नाहीत. रुग्ण निरपराध आहे की आरोपी, याने त्यात फरक पडत नाही. त्यामुळे 'मंडळाचा आदेश आल्यावर रुग्णालयात नेऊ' ही भूमिका तातडीच्या प्रसंगी टिकणारी नाही. रुग्णालयात नेतानाही बालकाला बेड्या घालता येत नाहीत आणि सोबतचे पोलीस शक्यतो साध्या वेशात असावेत, असे नियम सांगतात.

सुटकेनंतरचा दुवा :

कलम १४ नुसार मंडळाने चौकशी चार महिन्यांत पूर्ण करावी व आवश्यक असल्यास ती आणखी दोन महिने वाढवावी, अशी तरतूद आहे. जामीन मिळाल्यास बालक काही दिवसांतच घरी जाते. याउलट क्षयरोगाचा नेहमीचा उपचारदेखील किमान सहा महिने चालतो. म्हणजे उपचार पूर्ण होण्याआधी बालक संस्थेबाहेर पडण्याचा संभव मोठा असतो. त्याच्या हाती नोंदीची प्रत, काही दिवस पुरेल एवढे औषध आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा संदर्भ दिला नाही, तर संस्थेत झालेला उपचार वाया जातो. क्षयरुग्णांची नोंद 'निक्षय' प्रणालीत असल्याने ठिकाण बदलले तरी उपचार चालू ठेवता येतो. इतर आजारांसाठी मात्र कागद हाच आधार उरतो.

देखरेख व दाद मागण्याचे मार्ग :

मंडळाने दर महिन्यास किमान एकदा संस्थेची पाहणी करावी, असे कलम ८ सांगते. कलम ५४ खालील तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यावयाची असून तिच्या पथकात एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असणे आवश्यक आहे. संपूर्णा बेहुरा खटल्यातील ९ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बाल न्याय यंत्रणेतील रिक्त पदे भरण्यावर भर दिला होता. बालकाची जाणीवपूर्वक केलेली उपेक्षा कलम ७५ खाली शिक्षेस पात्र आहे.

पालकांनी जुन्या चिठ्ठ्या व औषधांसह अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि एक प्रत मंडळापुढे ठेवावी. मंडळाच्या आदेशात उपचाराचा उल्लेख झाला की तो संस्थेवर बंधनकारक होतो. वकील नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य साहाय्य मिळते. राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडेही तक्रार करता येते.

उपाययोजना :

१) ताब्यात घेतल्यापासून पहिल्या तासातच आरोग्यविषयक प्रश्नावली भरावी व ती बालकाबरोबर पाठवावी.
२) चालू औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीची खात्री करून त्याच दिवशी पुढे सुरू ठेवावे; शंका असल्यास शासकीय रुग्णालयाचा सल्ला घ्यावा.
३) पहिल्या सुनावणीतच मंडळाने 'उपचार चालू आहेत काय ?' हा प्रश्न विचारून उत्तर नोंदवावे.
४) रात्रपाळीच्या काळजीवाहकांना प्रथमोपचार व धोक्याची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण द्यावे.
५) आजाराची माहिती गोपनीय ठेवावी, ती इतर मुलांसमोर विचारू नये.
६) सुटकेच्या वेळी वैद्यकीय नोंदीची प्रत पालकांना द्यावी.

निष्कर्ष :

विधिसंघर्षग्रस्त बालकाने काय केले, याचा निर्णय मंडळ योग्य वेळी देईल. त्याला लागणारी गोळी किंवा इन्सुलिन मात्र त्या निर्णयाची वाट पाहू शकत नाही. वैद्यकीय देखभाल ही चांगल्या वर्तनाबद्दल मिळणारी सवलत नसून ताब्यात घेतल्याच्या क्षणापासून सुरू होणारे शासनाचे कर्तव्य आहे. डॉक्टरांची व निधीची उणीव भरून काढण्यास वेळ लागेल. परंतु पोलीस ठाणे, निरीक्षणगृह, रुग्णालय व घर या चार ठिकाणांमधून एक कागद आणि औषधाची एक पिशवी बालकाबरोबर जावी, यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. त्यासाठी प्रत्येक टप्प्यावरील जबाबदार व्यक्तीने बालकाला विचारणे आणि विचारलेले लिहून ठेवणे एवढेच आवश्यक आहे.