कल्चरचे दोन दिवस

सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडलं की आधी वास येतो. प्लेट नाकाशी नेऊन हुंगायची नाही, हे आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी बजावतो. पण रात्रभर ३७ अंशांवर वाढलेल्या ई. कोलायचा उग्र दर्प दार उघडताच अंगावर येतो, आणि लघवीच्या टेबलावर मुरलेला तंत्रज्ञ तेवढ्यावरून ओळखतो की आज गुलाबी प्लेटा बऱ्याच निघणार.

थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञाला हा जंतू १८८५ साली म्युनिकमध्ये तान्ह्या बाळांच्या शौचात सापडला. तो आपल्या सगळ्यांच्याच आतड्यात राहतो आणि तिथे बहुतेक वेळा काही त्रास देत नाही. तोच मूत्रमार्गातून मूत्राशयात चढला की दुखणं सुरू होतं. बायकांमध्ये ही वाट जेमतेम चार सेंटिमीटरची असते. जंतूच्या अंगावर केसांहून कितीतरी बारीक तंतू असतात. त्यांच्या टोकाचं प्रथिन मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतं, म्हणून लघवीच्या धारेबरोबर तो वाहून जात नाही. पेशंट म्हणते, "उन्हाळी लागलीय," आणि धण्याचं पाणी पिऊन दोन-चार दिवस काढते.

आमचं काम खरं तर पेशंटच्या हातात सुरू होतं. पहिली धार सोडून मधली लघवी निर्जंतुक डबीत घ्यायची, आणि डबी दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवायची किंवा फ्रीजमध्ये ठेवायची. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे एकाचे दोन तासांत चौसष्ट. खिडकीत तापत पडलेल्या डबीतला आकडा पेशंटचा राहत नाही. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या आधीच पोटात गेल्या असतील, तर उलटं होतं. प्लेट कोरी निघते आणि दुखणं तसंच राहतं. याचा मला फार त्रास होतो, कारण नमुना आधी द्यायला पाच मिनिटं पुरतात.

पेरायचा लूप बरोबर एक मायक्रोलिटर उचलतो. तो उभाच बुडवायचा. आडवा धरला की जास्त लघवी चढते आणि मोजणी फुगते. या हिशेबात एक कॉलनी म्हणजे मिलिलिटरला हजार जंतू. शंभर कॉलन्यांना लाख होतात, आणि संसर्ग मानण्याची जुनी, अजूनही वापरातली रेघ तीच. मॅककॉन्की माध्यमातले पित्तक्षार बाकीच्या बऱ्याच जंतूंना रोखतात. ई. कोलाय त्यातलं लॅक्टोज आंबवतो, आम्ल तयार होतं आणि कॉलनी गुलाबी होते. क्लेबसिएला या दुसऱ्या जंतूची कॉलनीही गुलाबीच, पण ओलसर, चिकट; ई. कोलायची कॉलनी सपाट आणि कोरडी. तरी नजरेवर भागत नाही. इंडोलच्या नळीत कोव्हॅक्स अभिकर्मकाचे थेंब टाकल्यावर वर लाल कडं येतं, सिट्रेट हिरवंच राहतं, युरियाचा रंग पालटत नाही. मग नाव लिहायचं.

मला सगळ्यात आवडतं ते डिस्कचं काम. जंतूंचं द्रावण ठरलेल्या गढूळपणाला आणायचं, स्वॅबने म्युलर-हिंटनच्या प्लेटवर तीन दिशांनी फिरवायचं आणि वर औषधांच्या चकत्या ठेवायच्या. माध्यमाची जाडी चार मिलिमीटर हवी. जाड ओतलं की चकतीभोवतीचा वाढ थांबलेला भाग, म्हणजे झोन, लहान दिसतो आणि चांगलं औषध निकामी ठरतं. दुसऱ्या दिवशी काळ्या पार्श्वभूमीवर प्लेट धरून पट्टीने झोन मोजायचे.

अलीकडे सेफोटॅक्झिमच्या चकतीभोवती बऱ्याचदा झोन नसतोच, किंवा अगदी तुटपुंजा असतो. शेजारी क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची चकती असेल, तर त्या दोघींच्या मधल्या भागात मात्र वाढ थांबते आणि झोन त्या बाजूला फुगून येतो. म्हणजे जंतू औषध तोडणारं ईएसबीएल हे विकर बनवतोय, आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाने तेवढ्या जागेत त्याला अडवलंय. एरवी डोळ्यांना न दिसणारं हे रसायन प्लेटवर असं उमटलेलं बघताना मी अजूनही थबकते. विद्यार्थ्यांना मुद्दाम बोलावून दाखवते.

अशाच प्लेटवर नायट्रोफ्युरँटॉइनचा झोन पुष्कळदा १७ मिलिमीटरच्या वर, म्हणजे औषध लागू पडणारा निघतो. जुनं, स्वस्त, तोंडाने घ्यायचं औषध. पण ते लघवीत साठतं. रक्तात आणि मूत्रपिंडाच्या गाभ्यात पुरेसं पोचत नाही. म्हणून रिपोर्टवर सही करण्याआधी मी वॉर्डात फोन लावते आणि सिस्टरांना विचारते, बाईंना ताप आहे का, कुशीत दुखतंय का. नाही म्हणाल्या तर बाई गोळ्या घेऊन घरी जाऊ शकतात. ताप असेल तर यादीतलं पुढचं औषध बघावं लागतं. ते बहुधा शिरेतून द्यायचं असतं, आणि बाईंचा मुक्काम वाढतो.